मालकाचा माणूस की कामगारांचा अधिकारी?

पदवीचे निकाल लागले की आमच्या सोलापुरात मार्गदर्शन मेळाव्यांचा हंगाम सुरू होतो. मानव संसाधन व्यवस्थापन हा विषय घेऊन पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना तेथे सांगण्यात येते की भरती, प्रशिक्षण, वेतन आणि कार्यमूल्यमापन अशा चार वाटा तुमच्यापुढे खुल्या आहेत. इंग्रजी सुधारा, संगणक शिका आणि पुण्याची गाडी पकडा. प्रस्तुत लेखकाने चार दशके अर्थशास्त्र शिकविले असल्याने अशा व्यासपीठांवर त्यालाही अधूनमधून पाचारण होते. परंतु ही नोकरी मुळात कोणासाठी निर्माण झाली, हा प्रश्न तेथे उच्चारलेला त्याने आजवर ऐकलेला नाही.

हा प्रश्न सोलापुरात तरी विचारला गेलाच पाहिजे. येथील जुनी मिल १८७७ साली सुरू झाली. त्या काळच्या गिरण्यांत कामगार भरती करणारा अधिकारी म्हणजे जॉबर. कोणाला खात्यात घ्यायचे, कोणाला बदली म्हणून दारात ताटकळत ठेवायचे आणि कोणाला हाकलायचे, हे त्याच्या मर्जीवर असे. त्या मर्जीची किंमत दस्तुरीच्या रूपाने कामगार मोजत असे. १९२९ साली नेमल्या गेलेल्या व्हिटले आयोगाने, ज्याचे ना. म. जोशी हे एक सदस्य होते, १९३१ च्या आपल्या अहवालात भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घेण्याची आणि मोठ्या कारखान्यांतून स्वतंत्र कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. पुढे १९३४ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने सरकारी कामगार अधिकारी आला, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४९ व्या कलमाने पाचशे वा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यावर कल्याण अधिकारी नेमण्याचे बंधन घातले. या अधिकाऱ्याने व्यवस्थापनाच्या वतीने कामगारांविरुद्ध कोर्टात उभे राहू नये, असा दंडक आदर्श नियमावलीत होता. याचा अर्थ स्पष्ट आहे. संप, लढे आणि कायदा यांच्या रेट्यातून जन्मलेले हे पद आहे. मालकांच्या औदार्यातून ते आलेले नाही. कामगारांनी लढा दिला नसता, तर आज ज्या विषयाची पदवी विद्यापीठे देतात तो विषयच अस्तित्वात आला नसता.

आणि आज त्या विषयाचे काय झाले आहे? पूर्वी त्याला निदान कामगार कल्याण म्हणत, नंतर कर्मचारी व्यवस्थापन म्हणू लागले. आता तो मानव संसाधन झाला. कोळसा, कापूस, वीज ही संसाधने आणि त्यांच्याच रांगेत माणूस! संसाधन तेवढे वापरावयाचे असते, त्याचा खर्च कमी करावयाचा असतो, आणि गरज संपली की ते बाजूला सारावयाचे असते. नाव बदलले तशी दृष्टीही बदलली.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची हकिकत सांगतो. आईने बिड्या वळून तिला शिकविले. पदवी घेऊन ती पुण्याकडे एका कंपनीत मानव संसाधन विभागात लागली. तेथे तिला पहिले महत्त्वाचे काम मिळाले ते कंत्राटी कामगारांच्या यादीतून नावे कमी करण्याचे. तिने ते मन मारून केले. दीड वर्षाने त्याच नमुन्याचे पत्र तिच्या टेबलावर आले, कारण तिची स्वतःची नेमणूकही मुदतबंदच होती. मला भेटायला आली तेव्हा ती म्हणाली, "सर, ज्यांची नावे मी खोडली त्यांना निदान एकमेकांची ओळख तरी होती. मला बोलायला तिथे कोणीच नव्हते." या मुलीला आम्ही दोन वर्षांत मनुष्यबळाच्या नियोजनाची सगळी सूत्रे शिकविली, परंतु ती स्वतःही कामगारच आहे, एवढी एक गोष्ट शिकविली नाही. जॉबर गेला म्हणून आपण समाधान मानले, तो टाय बांधून परत आला आहे. आणि फरक इतकाच की या नव्या जॉबरच्या हातात सत्ताही नाही.

यावर उत्तर ठरलेले आहे : विद्यापीठाने उद्योगांना हवे तेच शिकवावे, नाहीतर मुलांना नोकऱ्या कोण देणार? हा युक्तिवाद व्यवहारी वाटतो. परंतु सोलापूर जिल्ह्यासाठी २००४ साली जे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले, त्याच्या भोवतीचा उद्योग कोणता? गिरण्यांचे भोंगे केव्हाच थांबले. उरले ते यंत्रमाग, चादरी आणि टॉवेल, शिलाईचे कारखाने आणि घरोघरी बिड्या वळणाऱ्या हजारो स्त्रिया. या स्त्रीचा मालक तिला क्वचितच दिसतो. तिने वळलेल्या बिड्या मोजून घेणारा त्यांतल्या किती खराब म्हणून बाजूला काढील, यावर तिची मजुरी ठरते. तिच्यासाठी कल्याण अधिकारी कोठे आहे? १९७६ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या बिडी कामगार कल्याण निधीला ज्या उपकराचा आधार होता, तो २०१७ साली वस्तू व सेवा कराच्या आगमनाबरोबर रद्द झाला. जेथे कामगारांना अधिकाऱ्याची सर्वांत जास्त गरज, तेथे पदच नाही. आणि ज्यांनी ते पद भूषवायचे ती मुले नोकरीसाठी गाव सोडतात. ही टंचाई निसर्गाने निर्माण केलेली नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. कल्याण अधिकाऱ्याची मर्यादा पाचशेवरून अडीचशे कामगारांवर आली, असे त्यांचे समर्थक अभिमानाने सांगतात. हा बदल चांगला आहे, हे मान्य करू. परंतु त्याच संहितांनी कारखान्याच्या व्याख्येतील मर्यादा, वीज वापरणाऱ्या जागेपुरती, दहावरून वीस कामगारांवर नेली. आणि कामगार कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन शंभरऐवजी तीनशे कामगारांपासून पुढे ठेवले. आमच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये अडीचशे कामगार कोठून सापडणार? एका हाताने पद दिले आणि दुसऱ्या हाताने त्या पदाखालची जमीनच काढून घेतली.

आता दोन शब्द आपल्याच साथींना. कर्मचारी अधिकारी म्हणजे मालकाचा हस्तक, असे म्हणून आपण या तरुणांकडे पाठ फिरवितो. ही आपली चूक आहे. वीस वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत समसमान प्रतिनिधींची तक्रार निवारण समिती असावी, असे नवी संहिता सांगते. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती असावी, असे २०१३ चा कायदा सांगतो. या समित्या कागदावर राहतील की जिवंत होतील, हे पुष्कळदा त्या विभागातील एखाद्या पंचविशीतल्या मुलीच्या धैर्यावर अवलंबून असते. तिच्या पाठीशी संघटना नसेल, तर ते धैर्य तिने कोठून आणावे?

म्हणून आपली मागणी निश्चित असली पाहिजे. महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने एक मार्ग दाखविला आहे. हमालाचा मालक रोज बदलतो, म्हणून सर्व मालकांकडून आकार वसूल करणारे त्रिपक्षीय मंडळ त्या कायद्याने उभे केले. तेच तत्त्व यंत्रमागाला आणि बिडीला लावा. कारखाना लहान असेल, परंतु वस्तीतील कामगार हजारोंनी आहेत. तेव्हा वस्तीगणिक कल्याण अधिकारी नेमा, त्याचा पगार उद्योगाने मंडळामार्फत द्यावा आणि त्याला काढण्याचा अधिकार कोणा एका मालकाला नसावा. विद्यापीठाने या विद्यार्थ्यांचे प्रशिक्षणाचे महिने वातानुकूलित कचेऱ्यांबरोबरच बिडी कामगारांच्या वस्तीत, कामगार न्यायालयात आणि कामगार संघटनेच्या कार्यालयातही घालवून घ्यावेत. शासनाने कामगार खात्यातील रिक्त जागा भराव्यात.

मुले विचारतात, 'पुढे काय?' त्यांना पुण्याच्या गाडीचे वेळापत्रक देऊन आपण मोकळे होऊ नये. ज्या आयांनी बिड्या वळून त्यांना शिकविले, त्यांच्याच हिशोबाची वही तपासण्याचे काम पगार घेऊन आणि ताठ मानेने त्यांना करता आले पाहिजे. ती पदे निर्माण करून घेणे हे आपले काम आहे.