स्फूर्तीची सबब

परप्रांती बदलून आलेल्या मराठी अधिकाऱ्यांच्या बैठकीत लेखनाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी येते : ‘लिहावयाचे पुष्कळ आहे, पण इथे काही सुचत नाही.’ कोणाची कादंबरी तिसऱ्या प्रकरणाशी अडलेली असते, कोणाचे कुलवृत्त टाचणांच्या ढिगाखाली निजलेले असते, कोणाचे भाषांतर निम्म्यावर धूळ खात असते. कारणे मात्र सर्वांची सारखीच. महाराष्ट्र दूर, ग्रंथसंग्रह दूर, रसिक मित्र दूर. जवळ काय ती कचेरी आणि बंगळुरातील वाहनांची कोंडी! हे गाऱ्हाणे आम्हांस मान्य नाही. एकांतामुळे लेखणी अडते हे खरे. पण ती अडलेलीच राहते, ती आपण तिच्या अडण्याला प्रतिभेच्या रुसव्याचे गोंडस नाव देतो म्हणून.

आमचे वाचक रोज कचेरीत लिहितात. प्रकरण समोर आले की टिपणी होते, मसुदा होतो, खाडाखोड होते आणि संध्याकाळपर्यंत कागद पुढे सरकतो. ‘आज स्फूर्ती नाही’ असा शेरा मारून नस्ती परत पाठविणारा अधिकारी आम्ही अद्याप पाहिलेला नाही. यावर कोणी म्हणेल की नस्ती आणि कविता एक नव्हेत. कबूल. कवितेतला प्रकाश हुकुमाने येत नाही. परंतु बहुतेकांचे जे अडलेले असते ते त्या प्रकाशाच्या अलीकडचे असते. दिवाच घासूनपुसून ठेवलेला नाही, आणि तक्रार मात्र ज्योतीविरुद्ध!

पहिली अडचण कामाला कुंपण नसण्याची. एकट्याने काम करणारा मनुष्य आरंभीच ‘समग्र’ काहीतरी योजतो आणि त्या समग्राच्या भाराखाली दबून जातो. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे मुंबईत वकिली करीत होते. ‘व्यवहारमयूख’ ह्या एका ग्रंथाचे संपादन करावे आणि त्याला धर्मशास्त्राच्या विकासाची एक प्रस्तावना जोडावी, एवढाच त्यांचा मूळ बेत होता. त्या प्रस्तावनेचा पुढे ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ झाला. त्याचा पहिला खंड 1930 साली निघाला आणि पाचव्या खंडाचा अखेरचा भाग 1962 साली, काणे ब्याऐंशी वर्षांचे असताना. पाच खंडांचा संकल्प सोडून ते बसले असते, तर पहिले पान तरी लिहून झाले असते की नाही, याची आम्हांस शंका आहे. त्यांनी आटोपण्याजोगे काम धरले आणि कामानेच त्यांना पुढे नेले.

ह्याच बंगळूर नगरीत शहाजीराजांचा दरबार भरत असे. बारा भाषांत काव्य रचणारा जयराम पिंड्ये ह्या राजांच्या आश्रयास आला. त्याचे ‘राधामाधवविलासचंपू’ इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1922 साली प्रसिद्ध केले. कवींना भर सभेत समस्या घातल्या जात आणि ते त्यांची पूर्ती करीत, याची वर्णने त्यात आहेत. समस्या म्हणजे काय? अर्धे दार लावून कवीला आत कोंडणे. त्या बंधनाने कवीचा श्वास कोंडला नाही. त्याला पाय टेकावयास जमीन मिळाली. आमच्या एकांड्या लेखकानेही रोज स्वतःला एक समस्या घालावी : आज आजोबांच्या एकाच पत्राविषयी एकच पान. ‘आज कादंबरी लिहिणार’ ही समस्या नव्हे, ती धमकी आहे.

यावर आक्षेप असा की जयरामापुढे सभा होती, आमच्यापुढे भिंत आहे. ही दुसरी अडचण, आणि ती खरी आहे. परंतु भिंतीकडे पाहताना लेखकाला भिंत दिसत नाही. दिसतो पुण्याचा एक काल्पनिक टीकाकार. त्याने नाक मुरडू नये म्हणून पहिलेच वाक्य दहा वेळा खोडले जाते. ह्या अदृश्य परीक्षकास प्रथम घराबाहेर काढावे आणि त्याच्या जागी एक हाडामांसाचा वाचक बसवावा. गोपाळ हरि देशमुख कंपनी सरकारच्या नोकरीत होते. 1848 साली, वयाच्या पंचविशीत, त्यांनी ‘लोकहितवादी’ ह्या नावाने ‘प्रभाकर’ साप्ताहिकात पत्रे लिहावयास घेतली. पत्राला वाचक असतो आणि साप्ताहिकाला तारीख असते. शंभरावर पत्रे झाली ती ह्या दोहोंच्या बळावर. एक मित्र, एक ठरलेला वार आणि दोन पाने, एवढी सभा कोणत्याही बदलीच्या गावी भरविता येते.

तिसरी अडचण बोलून दाखविणे कटू आहे. आमचे बहुतेक लेखक बंगळुरात राहून सदाशिव पेठ लिहितात. आठवणींचा तो साठा पाच-सात वर्षांत संपतो आणि मग ‘सुचत नाही’ हा आक्रोश सुरू होतो. मास्ती वेंकटेश अय्यंगार म्हैसूर संस्थानचे मुलकी अधिकारी होते, घरची भाषा तमिळ होती. तरी त्यांनी भोवतालच्या लोकांत पाहिले, ऐकले आणि कानडी लघुकथेचा पाया घातला. त्यांचा गाजलेला कथासंग्रह 1920 साली, म्हणजे ते नोकरीत असतानाच, निघाला. ‘चिक्कवीर राजेंद्र’साठी ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला तो 1983 चा. नोकरी त्यांच्या लेखणीच्या आड आली नाही. आम्हांला मात्र दाराशी फुले विकणारी बाई दिसत नाही, कारण आमची दृष्टी अजून लक्ष्मी रस्त्यावर आहे.

कधी मन खरोखरच थकलेले असते. घरात आजारपण असते, शोक असतो. अशा वेळी विसावा घेणे गैर नाही. मात्र रजेला जशी रुजू होण्याची तारीख असते, तशी ह्या विसाव्यालाही असावी. रचना थांबली तर सनावळ्या जुळवाव्यात, सूची करावी, झालेल्या पानांची स्वच्छ प्रत काढावी; आणि रात्री उठताना पुढचे वाक्य ठाऊक असतानाच उठावे, म्हणजे सकाळी कोऱ्या कागदाशी गाठ पडत नाही.

‘सेवानिवृत्तीनंतर सवडीने लिहू’ हा सर्वांत मोठा भ्रम. तीस वर्षे न वळलेला हात निवृत्तिवेतनाच्या आदेशाने वळत नाही. आणि तोवर दुष्काळी कामांवर, सीमेवर, परभाषी खेड्यांत आपल्या लोकांनी जे पाहिले, ते त्यांच्याबरोबरच जाते. मराठीत अशा अनुभवाचे ग्रंथ थोडे आहेत याबद्दल आपण टीकाकारांना दोष देतो, प्रकाशकांना देतो, वाचकांना तर देतोच. ज्यांच्या कपाटात अर्धी हस्तलिखिते पडून आहेत, त्यांना तो अधिकार नाही. त्यांनी कपाट उघडावे, वरचा एक कागद काढावा आणि त्याखाली आजची तारीख घालावी.