संतापाच्या मुळाशी

रस्ता खचला की ‘नागरिकांत संताप’, प्रश्नपत्रिका फुटली की ‘विद्यार्थ्यांत संताप’, कुणा नेत्याची जीभ घसरली की ‘राज्यभर संतापाची लाट’. मराठी मथळ्यांत हा शब्द इतका स्वस्त झाला आहे की वाचणाऱ्याला त्याची झळ लागत नाही. त्याचे मोल किती, हे त्याची घडण पाहिली की कळते.

‘तप्’, म्हणजे तापणे, या संस्कृत धातूपासून ‘ताप’ आणि त्याला ‘सम्’ हा उपसर्ग लागून ‘संताप’ शब्द झाला. पुरते तापून निघणे हा त्याचा मूळ अर्थ. तप, तापमान, मनस्ताप, पश्चात्ताप हे शब्द त्याच कुळातले. संस्कृतात उष्णतेबरोबर दुःख, पीडा, मनाची तगमग हेही अर्थ त्याला होते. हिंदीत संताप म्हणजे आजही मनोव्यथा. तेलुगू आणि कन्नडमध्ये कुणाचे निधन झाले की मान्यवर ‘संताप’ व्यक्त करतात. तो शोकसंदेश असतो. मराठीत मात्र हाच शब्द तीव्र रागाकडे वळला. तरी ‘जिवाला नुसता संताप झालाय’ म्हणणारी बाई रागावलेली असते, तितकीच गांजलेलीही असते.

रागाच्या इतर छटांना मराठीत वेगळे शब्द आहेत. चीड अन्यायाची येते. त्रागा हतबल माणूस करतो आणि बहुधा स्वतःलाच त्रास करून घेतो. कोप देवाचा किंवा राजाचा, म्हणजे ज्याच्या हाती सत्ता आहे त्याचा. रोष ओढवून घेतला जातो. संतापात मात्र सोसणे आणि भडकणे एकत्र नांदते.

म्हणून बातमीत ‘संताप’ लिहिताना लोकांनी काय सोसले, किती काळ सोसले आणि दाद कुणी दिली नाही, हेही लिहिले पाहिजे. प्रशासनानेही जमाव पांगला म्हणजे प्रश्न मिटला असे मानू नये.

मात्र ‘संतप्त नातेवाइकांनी डॉक्टरांना मारहाण केली’ असे लिहिताना अधिक जपायला हवे. तिथे ‘संतप्त’ हे विशेषण मारणाऱ्याचा अर्धा गुन्हा नकळत माफ करते. संतापाचे कारण शोधणे आणि हिंसेची जबाबदारी निश्चित करणे, ही दोन्ही कामे स्वतंत्रपणे आणि तितक्याच गांभीर्याने व्हायला हवीत.