आधीं ब्रेक, मग एंजिन

जुन्या मोटरसायकलचें एंजिन, भंगारांतील लोखंडी नळ्या व चार चाकें जमवून घरच्या घरीं गाडी बांधण्याचा छंद कित्येक तरुणांस असतो. हा उद्योग स्तुत्यच होय. त्यानें हातास वळण लागतें व यंत्राचें मर्म कळतें. परंतु एंजिन सुरू झालें म्हणजे गाडी झाली, अशी समजूत होऊन ब्रेकाचें काम शेवटीं कसेंबसें उरकलें जातें. आमच्या मतें हा क्रम उलटा आहे.

वेग दुप्पट झाला कीं गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते. ताशीं २० किलोमीटर वेगाची गाडी ज्या ब्रेकानें सुमारें ३ मीटरांत थांबते, तिला ४० च्या वेगांत सुमारें १२ मीटर लागतात. ही सारी ऊर्जा ड्रम व शू यांच्या घर्षणांत उष्णता होऊन बाहेर पडते. मोटरसायकलचा ड्रम चारचाकीचें अधिक वजन सहज आवरील, हें म्हणूनच गृहीत धरूं नये.

फ्रान्सच्या लुई रनो यांनीं १९०२ सालीं पुढें आणलेला ड्रम ब्रेक घरगुती कारागिरास आजहि सोयीचा आहे. मात्र शू ड्रमला धरतो त्या क्षणीं ड्रम बॅकप्लेटलाहि आपल्याबरोबर फिरवूं पाहतो. ती प्लेट भक्कम पट्टीनें सांगाड्याशीं जखडली नसेल, तर ती गरकन् फिरून केबल तोडते. ब्रेक लागतांच वजन पुढें झुकतें. यास्तव केवळ मागच्या चाकांच्या ब्रेकावर विसंबणें धोक्याचें. डावीउजवीकडील ओढ सारखी नसल्यास गाडी एका अंगास जाते. शूवर ग्रीज लागूं देऊं नये. जुन्या शूंच्या धुळींत ॲसबेस्टॉस असूं शकतें; ती तोंडानें न फुंकतां ओल्या फडक्यानें पुसावी.

कोणी म्हणतील, "आमची गाडी अंगणांतच फिरणार!" पण अंगणांतच लहान मुलें खेळतात, हें विसरून कसें चालेल? सार्वजनिक रस्त्यावर तर नोंदणीवांचून वाहन नेण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें मनाई आहे.

म्हणून आमची सूचना अशी कीं, एंजिन बसविण्यापूर्वीं गाडी मोकळ्या, सौम्य उतारावर हातानें लोटावी व ती सरळ रेषेंत थांबते कीं नाहीं हें पुनःपुन्हां पाहावें. ही परीक्षा उतरल्यावांचून तींत एंजिन चढवूं नये.