पाणी गाळावं, अक्षर गाळू नये

गेल्या वर्षी आमच्या समाजाच्या विधानाची स्मरणिका छापून आली. गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ, देणगीदारांचे फोटो, सगळं कसं झकास. मी सवयीप्रमाणे मागून वाचायला लागले आणि हिशेबाच्या पानावर थबकले. तिथं लिहिलं होतं, 'आचार्यांना रोख : रु. १८,५००'.

पिच्छी आणि कमंडलू यांपलीकडे ज्यांच्याकडे काही नसतं, पैशाला जे हातसुद्धा लावत नाहीत, त्या आचार्यांना आम्ही साडेअठरा हजार रोख दिले! छापून, सही-शिक्क्यानिशी जाहीर केलं! पैसे अर्थातच आचाऱ्यांना दिले होते. बेळगावकडून आलेल्या त्या तिघांनी तीन दिवस चुलीपुढे घाम गाळला. त्यांच्या घामाचे पैसे छपाईत आचार्यांच्या नावावर चढले. एका 'र'नं हे केलं.

छपाईच्या दुकानात विचारायला गेले. तिथला मुलगा गुणी आहे, आदबीनं बोलतो. म्हणाला, "काकी, ह्या फॉण्टात तसला र नाच. जवळचा होता तो घातला." कमिटीतल्या एका भाऊजींना सांगितलं तर ते हसले. "वहिनी, लोकांना कळतं ओ. एवढं कोण बघतंय?"

माझं भांडण आहे ते त्या मुलाशी नव्हे, ह्या वाक्याशी आहे. 'एवढं कोण बघतंय?' मी बघते. तुम्हीही बघता. तांदळातला एक खडा आपल्याला दिसतो, आणि तो काढला म्हणून आजवर कुणी आपल्याला चिकित्सक म्हणून हिणवलं नाही. मग अक्षरातला खडा दाखवला की आपण एकदम 'बारीकसारीक काढणाऱ्या बायका' का ठरतो?

आधी नीट समजून घेऊ या, म्हणजे दुकानात कुणी आपल्याला गुंडाळणार नाही. मराठीत 'र' दुसऱ्या अक्षराला दोन तऱ्हांनी जोडला जातो. एक डोक्यावरचा रफार, 'दर्या'मधला. दुसरा 'दऱ्या'मधला, य किंवा ह याच्या अलीकडे आडव्या पापणीसारखा येणारा. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्य वेगळे, आचाऱ्या वेगळा. हिंदीला हा पापणीचा र लागत नाही. म्हणून हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या फॉण्टात तो कित्येकदा नसतोच. मराठीला मात्र तो पावलोपावली लागतो. वऱ्हाड, कऱ्हाड, गोऱ्हे, बऱ्या-वाईटाची गोष्ट, सुऱ्या, पायऱ्या, तुमच्या-माझ्या न्याहऱ्या.

दुसरं अक्षर 'ॲ'. पलीकडे शिवोलीत आमची एक ॲग्नेसबाय आहे. तिच्या मुलाच्या लग्नाच्या मराठी पत्रिकेत ती 'अग्नेस' झाली, आणि शेजारच्या पोरांनी तिला आगीची देवता करून टाकलं. तिसरं 'ङ'. 'वाङ्मय' हा शब्द किती पुस्तकांवर 'वाड्मय' असा छापलेला असतो ते कपाट उघडून पाहा. साहित्यावरची पुस्तकं, आणि साहित्याचंच नाव चुकीचं! चौथी गोष्ट ल आणि श यांची. मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श हीच प्रमाण रूपं धरावीत, असं महाराष्ट्र शासनानं नोव्हेंबर २००९ मध्ये निर्णय काढून सांगितलं. चांगल्या फॉण्टात दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा 'हिंदी' न ठेवता 'मराठी' ठेवली की आपली वळणं येतात. तेवढं एक बटण दाबायचा कंटाळा.

अक्षर नसलं की तीन प्रकार होतात. पहिला, त्या जागी रिकामा चौकोन उमटतो. बघायला वाईट, पण प्रामाणिक. 'माझ्याकडे हे नाही' असं तो तोंडावर सांगतो. दुसरा, संगणक गुपचूप दुसऱ्या फॉण्टातून ते अक्षर उसनं आणतो. मग ओळीत एकच अक्षर जाडं किंवा बुटकं दिसतं, जेवणाच्या पंगतीत कुणी ओळख नसलेला येऊन बसावा तसं. तेही चालेल, निदान अक्षर खरं असतं. तिसरा प्रकार माणूस करतो. नसलेल्या अक्षराच्या जागी जवळचं बसवतो आणि बोलत नाही. हा सगळ्यांत वाईट, कारण तो दिसत नाही. चौकोन आला असता तर प्रूफ बघणाऱ्या कुणाच्याही डोळ्यांत खुपला असता. 'आचार्यांना' हा शब्द शुद्ध, सुंदर, पवित्र दिसतो. म्हणूनच चार जणांच्या डोळ्यांखालून तो बिनबोभाट निघून गेला.

तुम्ही म्हणाल, छापखान्याची अडचण असेल तर तडजोड नको का करायला? अडचण काय असते ते आपल्या गोव्याला इतर कुणापेक्षा जास्त ठाऊक आहे. गोव्यात छापखाना १५५६ साली आला, हिंदुस्थानातला पहिला. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज पाद्री इथं राहिले, मराठी शिकले, आणि त्यांनी मराठीत ख्रिस्तपुराण रचलं. १६०८ साली त्यांनी रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहिलं. ह्या देशाच्या भाषेत आणि ह्याच देशाच्या अक्षरांत पुस्तकं छापावीत अशी आपली फार वर्षांची इच्छा आहे, असं त्यात होतं. अडत होतं ते साच्यांवर. युरोपला चोवीस अक्षरं पुरतात, इथं सहाशे साचे लागतील अशी भीती. ते दोनशेंवर आणता येतील असंही त्यांनी कळवलं. तमिळ अक्षरांतलं पुस्तक कोल्लमला १५७८ मध्येच छापून झालं होतं, म्हणजे अशक्य काही नव्हतं. पण मराठीचे साचे झाले नाहीत. १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते रोमी अक्षरांत. नागरी अक्षरांतलं मराठी छपाईत उतरायला १८०५ साल उजाडलं, आणि तेही इथं नव्हे, तिकडे बंगालात श्रीरामपूरला, विल्यम कॅरींच्या व्याकरणात. मधे १८९ वर्षं गेली!

रोमी अक्षरांत प्रार्थना म्हणणाऱ्या माझ्या शेजारणींना मी नावं ठेवत नाही. त्यांच्या चारशे वर्षांच्या जिभेवर ती अक्षरं बसली आहेत, आणि ती त्यांची आहेत. मला फक्त एवढं दाखवायचं आहे की खिळ्यांचा एक संच झाला नाही, तर त्याची सावली किती लांब पडते. स्टीफन्स यांच्यापाशी खिळे नव्हते, म्हणून त्यांनी पत्र लिहिलं, मागणी केली, उणीव उघड सांगितली. आपल्यापाशी सगळं आहे, आणि आपण म्हणतो 'चालतंय'.

आमच्या गावाचंच बघा ना. मी लग्न होऊन चोपड्यात आले तेव्हा पूल नव्हता, शापोरा नदी फेरीबोटीनं ओलांडायची. तेव्हापासून बघते आहे, गावाचं नाव रोमीत लिहिताना शेवटी 'एम' येतो. तो मुळात 'म' नव्हेच. चोपडें म्हणताना नाकातून जो उच्चार निघतो, तो दाखवायची ती पोर्तुगीज लिहिण्याची रीत. आता दिल्ली-मुंबईची माणसं मोटारीची काच खाली करून 'चोपडेम कुठे?' म्हणून विचारतात. पेडण्याचं पेर्नेम झालं, शिवोलीचं सिओलिम. म्हापशाचं नाव पोर्तुगीज लिहायचे तेव्हा 'सी'च्या खाली एक छोटी शेपटी असायची, म्हणून तो 'स' वाचला जायचा. शेपटी नसलेल्या टाइपात ते नाव टाका, झालं 'मापुका'! एवढ्याशा शेपटीवर अख्खं शहर लटकलेलं असतं. आणि नाव एकदा चुकीचं छापलं की माणसं त्या छापील नावासारखंच बोलायला लागतात. आमची नातवंडंसुद्धा आता 'पेर्नेम' म्हणतात. हे आपल्या डोळ्यांदेखत झालं आहे.

दुसरा आक्षेप. 'पूर्वीच्या मोठ्या माणसांनीही छपाईसाठी अक्षरं बदलली की!' खरं आहे. सावरकरांनी 'इ'च्या जागी 'अि' लिहायचा आग्रह धरला, खिळे कमी व्हावेत म्हणून. पण ते उघडपणे मांडलं, त्यावर वाद झाले, लोकांनी काही वर्षं लिहून पाहिलं आणि शेवटी सोडून दिलं. चर्चा करून केलेली सुधारणा वेगळी, आणि कुणी न विचारता रात्री अकरा वाजता बदललेला 'र' वेगळा.

तिसरा आक्षेप, 'ही तांत्रिक बाब आहे, बायकांनी कशाला पडावं?' बरं, तांत्रिकच बोलू. जुने फॉण्ट म्हणजे २५६ खणांचं फडताळ. त्यात देवनागरीची सगळी जोडाक्षरं कोंबायची, म्हणून काही ना काही बाहेर राहायचं, आणि प्रत्येक कंपनीचे खण निराळे. एका फॉण्टातला मजकूर दुसऱ्यात उघडला की खिचडी. तेव्हाची ती अडचण खरी होती. १९९१ मध्ये युनिकोड आलं, प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला. 'ऱ' त्यात पहिल्यापासून आहे. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबा, ऱ येतो. मग डी दाबून त्याचा पाय मोडा आणि य किंवा ह जोडा. झालं. मी पन्नाशी उलटलेली बी.ए. बाई एका दुपारी शिकले.

आता हे ऐका. आपल्या वळणाचा 'ॲ' युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून यायला २००८ साल लागलं. सतरा वर्षं! तोवर 'अ'वर चंद्र चिकटवून नाही तर हिंदी वळणाचा 'ऍ' घालून भागवलं. आणि रुपयाचं नवं चिन्ह? जुलै २०१० मध्ये सरकारनं मंजूर केलं, त्याच ऑक्टोबरात ते युनिकोडात होतं. फॉण्टवाल्यांनी धावाधाव करून ते घातलं. तेव्हा कुणी म्हणालं का, 'जुनं रु. आहे ना, चालतंय'? पैशाचं चिन्ह हवं असलं की खण सापडतो. बाईच्या नावातलं अक्षर हवं असलं की खण नसतो. माझ्या रागाचं मूळ इथं आहे. सगळं तंत्र तेच, फरक आहे तो निकड कुणाची ह्यात.

आपल्या घरातलंही सांगते. हस्तलिखितांत येणारं आपलं जैन ॐ निराळ्या आकाराचं असतं. त्याला २०१५ मध्ये युनिकोडात स्वतःची जागा मिळाली, कारण कुणीतरी चिकाटीनं जुनी पानं पुढे ठेवून मागणी केली. आजही पुष्कळ फॉण्टांत ते नाही. तिथं चित्र म्हणून चिकटवा, हातानं काढा, माझी हरकत नाही. पण दुसरं काहीतरी घालून 'तेच आहे' म्हणू नका. णमोकाराच्या पाच पदांची अक्षरं पस्तीस. आपल्या आजीला लिहितावाचता येत नव्हतं, तरी चौतीस झाली असती तर तिनं माळ थांबवली असती. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी लेख आहेत, प्रत्येक आपापल्या लिपीत. दगडावर कोरणाऱ्यानं हजार वर्षांपूर्वी 'ही अक्षरं आमच्याकडे नाहीत' म्हटलं नाही. आपण पाणी गाळून पिणारी माणसं. ह्या पिढीत पाणी गाळायचं विसरलो आणि अक्षरं गाळायला लागलो की काय?

तर बायांनो, रुसून बसू नका, हे करा. पत्रिका, स्मरणिका, पूजेची पुस्तिका, काहीही छापायला देण्याआधी दुकानात एक ओळ लावून मागा. दऱ्या, वऱ्हाड, ॲ, ऑ, ळ, वाङ्मय, ज्ञान, ऽ, ₹. ह्यात एक जरी चौकोन आला, एक जरी अक्षर बदललं, तर तो फॉण्ट नको म्हणून सांगा. नोटोसारखे फॉण्ट फुकट मिळतात. 'नोटो' हे नावच मुळी तो रिकामा चौकोन जगातून घालवायचा म्हणून ठेवलेलं आहे. छापखान्याकडे फाइल देताना फॉण्ट आत बसवलेली पीडीएफ द्यायला सांगा, नाहीतर इथं बरोबर दिसलेलं तिथं बदलतं. घरातल्या माणसांची नावं कागदावर हातानं मोठ्या अक्षरांत लिहून द्या. आणि शेवटचा हप्ता प्रूफ हातात आल्याशिवाय देऊ नका. पैशाची भाषा सगळ्या फॉण्टात असते.

आमच्या स्मरणिकेचं काय झालं ते सांगते. चारशे प्रती छापून आलेल्या. परत छापायला कमिटी तयार नाही. मग मी आणि समाजातल्या दोघी जणी आमच्या बाल्कांवावर बसलो, काळी पेनं घेऊन. प्रत्येक प्रत उघडायची, हिशेबाचं पान काढायचं, वरचा रफार खोडायचा आणि अलीकडे पापणी काढायची. दीड दिवस लागला. मधे ते भाऊजी येऊन गेले. उभ्या उभ्या बघितलं आणि म्हणाले, "खरंच, दिसतंय की वेगळं." त्यांनीही खाली बसून पन्नासेक प्रती केल्या.

एक प्रत बेळगावला पोस्टानं पाठवली, आचाऱ्यांना. हिशेबाच्या पानावर आता पैसे त्यांच्याच नावावर आहेत.