हाली रुपयावरचं लेबल
बीड १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे चारमिनार छापाचे हाली रुपये इथल्या जुन्या घरांत अजून निघतात. त्यावर चिकटवलेलं लेबल मात्र निघता निघत नाही. मग चिंच-रांगोळीनं घासाघास. केमिकलपेक्षा घरगुती बरं, हे इथं उलटं पडतं: आम्लानं आणि रांगोळीच्या खरखरीनं चांदीवरची काळसर झाक जाते, आणि संग्राहक पैसे मोजतो ते तिचेच. लेबल खळीचं असेल तर साधं पाणी पुरतं; चिकटपट्टीच्या गोंदाला शुद्ध अ‍ॅसिटोन. ते चांदीला न बाधता गोंद सोडवतं, उडून जातं. पेटतं, हे कबूल. म्हणून खिडकी उघडी, गॅस बंद, भांडं काचेचं. सावंतवाडीच्या रंगवलेल्या गंजिफा पत्त्यांवरचं लेबल काढायला मात्र अ‍ॅसिटोनचा थेंबही नको.