एका परगण्याला एकच रंग

सुट्टी लागली की मुले संगणकासमोर ठाण मांडतात आणि घरातली मोठी माणसे 'पुन्हा ती मारामारी सुरू' म्हणून हात झटकतात. वाचकहो, सगळेच खेळ मारामारीचे नसतात. काही खेळांत राज्य चालवायचे असते, सोयरिकी जुळवायच्या असतात, रुसलेल्या सरदारांची समजूत काढायची असते. अशा एका खेळाबद्दल आज लिहायचे आहे, कारण त्याच्या नकाशावर आपल्यासारख्या घरांचा विषय येतो.

खेळाचे नाव 'क्रुसेडर किंग्ज'. स्वीडनमधल्या पॅराडॉक्स या कंपनीचा. त्याच्या दुसऱ्या भागात 2014 साली हिंदुस्थानचा नकाशा आला आणि 2020 साली आलेल्या तिसऱ्या भागात तो पहिल्यापासूनच आहे. इ.स. 867, 1066 अशा एखाद्या साली एखाद्या राजाच्या गादीवर बसायचे आणि पिढ्यान्‌पिढ्या राज्य सांभाळत 1453 पर्यंत जायचे, असा एकूण मामला. नकाशावर जशा युरोपातल्या संस्कृती आहेत, तशाच मराठी आणि कन्नड या नावांच्याही आहेत.

ही गोष्ट लहान समजू नका. 1999 साली 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग आला, तेव्हा त्यात तेरा संस्कृती होत्या. ब्रिटन, मंगोल, जपानी सगळे होते, आपल्या देशाचे नाव नव्हते. पुढे 2013 साली 'भारतीय' असा एकच खण मिळाला. 2022 साली त्याचे चार झाले : हिंदुस्थानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड. कन्नड, तेलुगू, तमिळ सगळे द्रविडांत गेले आणि मराठीच्या नावाचा खण तेव्हाही आला नाही. त्या मानाने 'क्रुसेडर किंग्ज'च्या कर्त्यांनी पुष्कळच बारकाईने काम केले आहे.

2022 सालापासून या खेळात संस्कृतीची मांडणी नव्याने झाली. प्रत्येक संस्कृतीला एक वृत्ती असते : लढाऊ, दरबारी, आध्यात्मिक अशी. एक वारसा असतो. मराठीचा इंडो-आर्यन, कन्नडचा द्रविड. एक भाषा असते. लढाईला पुरुषांनी जायचे की बायकांनीही, याची रीत असते. शिवाय काही परंपरा असतात. नवी परंपरा हवी असेल तर राजाला आपली प्रतिष्ठा खर्ची घालावी लागते आणि ती रुजायला वर्षे जातात. फुकट आणि एका रात्रीत काही बदलत नाही, हे मुलांना खेळता खेळता कळते. वाईट काय आहे त्यात?

मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. दोन संस्कृतींनी एकमेकींना किती आपले मानले आहे, याचा टक्का खेळात मोजला जातो. एका राज्यात वर्षानुवर्षे शेजारी राहिले की तो टक्का वाढतो. राजा प्रजेची भाषा शिकला तर त्या भाषेच्या सरदारांचे मन वळते. जिल्ह्यात बदलून आलेल्या अधिकाऱ्याने बाजारात दोन वाक्ये आपल्या भाषेत बोलली की काय फरक पडतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. स्वीडनमधल्या मंडळींना ते कळले, याचे मात्र कौतुक वाटते.

आता अडचण सांगते. या नकाशावर एका परगण्याला एकच संस्कृती असते. म्हणजे रंग एकच. कारभाऱ्याला कामाला लावले की काही वर्षांनी अख्खा परगणा एका संस्कृतीतून दुसरीत जातो. अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा, असे नसते. वारसा वेगळा असलेल्या दोन संस्कृतींचे पुरेसे जमले, तर राजाला त्यांची मिळून तिसरी, मिश्र संस्कृती करता येते. तिला हवे ते नाव देता येते, दोन्हींच्या परंपरा तिच्यात घेता येतात. भाषा मात्र दोन्हींतली एकच निवडावी लागते. गंमत पाहा : खेळातल्या माणसाला कितीही भाषा येऊ शकतात, पण त्याच्या संस्कृतीला एकच.

आपला इतिहास या खणात बसतो का, ते पाहू. खेळ 867 साली सुरू होतो, तेव्हा मान्यखेटला, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेडला, राष्ट्रकूट अमोघवर्ष राज्य करीत होता. त्याच्या दरबारातल्या 'कविराजमार्ग' या कन्नड ग्रंथात कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. गोदावरी म्हणजे पैठण, नांदेड. तिथे मराठी नव्हती असे कोण म्हणेल? पुढे देवगिरीला यादव आले. त्यांचे शिलालेख कन्नड, संस्कृत आणि मराठी अशा तीन भाषांत आहेत. त्यांच्यापैकी रामदेवरावाच्या काळात, 1290 साली, ज्ञानेश्वरी झाली. या घराण्याला कोणता रंग द्यायचा? श्रवणबेळगोळला तर गोमटेश्वराच्या पायाशी एकाच दगडावर कन्नड, तमिळ आणि मराठी लेख आहेत. परगणा राहू द्या, तिथे एका शिळेलासुद्धा एक रंग पुरत नाही.

घरातले पाहायचे तर आणखी जवळ. अक्का, अण्णा हे शब्द आणि पानावरचे तूप कन्नडमधून आपल्याकडे आले, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. पाडव्याला एका घरी गुढी उभी राहते, शेजारी युगादीचा बेवु-बेल्ल वाटला जातो, आणि कडुनिंब-गूळ दोन्हीकडचा एकच. भाकरी आणि रोट्टी एकाच तव्यावरची. ही परंपरा मराठी खात्यात मांडायची की कन्नड?

खेळच तो, हिशेबाला सोपे म्हणून रंग एक ठेवला, असे कोणी म्हणेल. खरे आहे. आकडे आणि रंग यांच्याशिवाय संगणकाला राज्य चालवता येत नाही. सरकारी नकाशालाही ते करावेच लागते. 1956 साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा प्रत्येक तालुका कुठल्या तरी एका रंगात गेला. तो वाद आज इथे उकरायचा नाही. पण रंग कारभारासाठी असतो, हे मोठ्यांना ठाऊक असते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ते ठाऊक नसते. शाळेच्या अर्जावर 'मातृभाषा' असा एकच रकाना, नकाशावर एकच रंग, आणि खेळात दोन्हींतली एक भाषा टाकल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. वडिलांशी मराठी आणि आईशी कन्नड बोलणारे मूल यातून काय शिकेल? आपण अर्धवट आहोत, एक काहीतरी सोडले पाहिजे, असेच ना? मग एखाद्या दिवशी ते चारचौघांत आजीच्या भाषेत उत्तर द्यायचे टाळू लागते. आजीच्या ते लक्षात येते. ती बोलून दाखवत नाही इतकेच.

जनगणनेचा अर्जसुद्धा याहून शहाणा म्हणायचा. त्यात मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषा विचारतात.

म्हणून खेळ बंद करा, असे मी मुळीच सांगणार नाही. अमोघवर्षाचे नाव ज्या मुलाला पाठ्यपुस्तकातून आठवत नाही, ते या खेळामुळे मळखेड कुठे आहे ते विचारते. तेवढ्यावर सोडू नका. बेळगावच्या किल्ल्यात न्या, कमलबस्ती दाखवा. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बिचिराज नावाच्या मंत्र्याने ती 1204 साली बांधली, म्हणजे या खेळाच्या काळातच. पडद्यावरचा परगणा आणि पायाखालची जमीन यांची गाठ तिथे पडते.

आणि पुढच्या वेळी मूल मराठी-कन्नड मिश्र संस्कृती करायला बसले, की त्याच्याजवळ जाऊन बसा. नाव काय ठेवतोस ते विचारा. भाषेचा प्रश्न आला की कोणती ठेवणार आणि का, तेही विचारा. मग सांगा, इथे खेळाला दोन ठेवता येत नाहीत, आपल्याला येतात. हे वाक्य आई-वडिलांपैकी एकाने मराठीत आणि दुसऱ्याने कन्नडमध्ये सांगितले तर फारच उत्तम.