बाजारातील कचरा

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर भाजी घ्यायला गेलात, तर पायाखाली पाहा. कोबीची पाने, कांद्याची साले, सडके टोमॅटो! सगळे भाजीवाल्याला नावे ठेवतात. पण भेंडीची टोके मोडून पाहतो आणि तिथेच टाकतो तो कोण? गिऱ्हाईकच! घरी मात्र हाच माणूस ओटा लख्ख ठेवतो.

राज्यात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. तरी "पिशवी द्या ना" असे आपणच म्हणतो. भाजीच्या पाल्याचे खत होते. त्यात पिशव्या मिसळल्या की ते बिघडते. कल्याणच्या आधारवाडीला अशाच मिसळलेल्या कचऱ्याचा डोंगर झाला होता. त्याला वारंवार आग लागे आणि धूर जवळच्या घरांत शिरे. २०२१ साली तिथे कचरा टाकणे थांबले. बाजारात मात्र तो रोज नवा पडतो, आणि सफाई कामगाराला वाकून उचलावा लागतो.